पूजेतलं मीटर

मोटार सकाळी सुरू झाली नाही की माणसं बॅटरीला शिव्या देतात. मीही देत असे, आणि जागेश्वरजींना त्याचा फार राग येई.

"बॅटरी मरत नाही वामनराव, मारल्या जाते," ते म्हणत. "मारणारा दुसराच राह्यते. अन् तो मुकाट बसून राह्यते."

सीताबर्डीच्या मागच्या बोळीत निंबाखाली त्यांची पत्र्याची शेड होती. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी. गावात मोटारी मोजक्या आणि मोटारवैद्य उदंड. हे वैद्य आधी पाना उचलत आणि मग तोंड उघडत. एक भाग बदलून बघ, नाही जमलं तर दुसरा बदल, असा सगळा अंधारात दगड मारण्याचा कारभार. मी बी. ए. होऊन घरी बसलेला, त्यामुळे जगाला नावं ठेवायला पूर्ण मोकळा होतो. माझी थोरली बहीण डॉक्टर कुसुमताई रामदासपेठेत बाळंतिणींचा दवाखाना चालवायची आणि मी तिची गाडी चालवायचो. युद्धाआधीची काळी विलायती गाडी. तिच्या दुखण्यांमुळेच माझी नि जागेश्वरजींची ओळख झाली.

ते मूळचे उमरेडचे, कोष्ट्याच्या घरचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या माग. गिरणीच्या कापडानं तो अर्धा मोडला आणि लढाईत सूत मिळेना तेव्हा उरलेला अर्धा. मग ते कामठीला लष्करी गाड्यांच्या आवारात हमाल म्हणून लागले आणि चार वर्षांनी बॅटरीचे कारागीर होऊन बाहेर पडले. तिथल्या एका मद्रासी हवालदारानं त्यांना शिकवलं आणि जाताना आपलं मीटर देऊन गेला. पितळी कडीचं, पांढऱ्या तबकडीचं. काटा मधोमध शून्यावर. उजवीकडे सरकला की बॅटरीत वीज भरते आहे, डावीकडे सरकला की निघून चालली आहे. शेडमागच्या दोन खोल्यांत ते आणि मैनाबाई राहत. तिथे खुंटीला बापाचा धोटा टांगलेला असे आणि त्याच्या शेजारी हे मीटर. धोट्यानं आधी कापड विणलं, आता मीटरनं भाकर मिळते, म्हणून दोघांचा मान सारखा.

गाडी आली की ते हात मागे बांधून उभे राहत आणि विचारत. काल केव्हा बंद केली? त्याआधी किती चालली होती? सकाळी स्टार्टर कण्हला का मुकाच राहिला? ताई म्हणायची, "हा माणूस रोग्याची हकिकत माझ्यापेक्षा नीट घेतो." मग ते दिवे लावून स्टार्टर ओढायला सांगत. दिवा एकदम विझला तर बॅटरी रिकामी. दिवा तसाच जळत राहिला तर दोष स्टार्टरात नाहीतर त्याच्या तारेत. मग प्रत्येक जोडावर बोटं ठेवत, जो जोड गरम तो सैल. कोष्ट्याचीच बोटं ती, ताण्यातला ढिला धागा न बघता शोधणारी. शेवटी काचेच्या नळीनं बॅटरीच्या एकेका घरातलं तेजाब, म्हणजे आम्ल, ओढून बघत. एकच घर फिकं निघालं तर बॅटरी गेली समजायची. सगळी घरं सारखीच फिकी, तर बॅटरी चांगली आहे, फक्त उपाशी आहे.

आणि उपाशी असली तर कारणं दोन. एक म्हणजे डायनामो कमावत नाही. दुसरं म्हणजे कमावलेलं मागल्या दारानं चोरीला जातं. हे मागलं दार म्हणजे कटआउट नावाची एक लहान डबी. गाडी चालू असली की ती डायनामोची वीज बॅटरीत सोडते आणि गाडी थांबली की दार लावून घेते. दार लागलं नाही तर भरलेली सगळी वीज उलटी डायनामोतून वाहून जाते. एवढं ध्यानात असू द्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्या दारापाशीच अडते.

जागेश्वरजींना एकच मुलगी, पुष्पलता. ती उमरेडलाच दिलेली, ईश्वरदास नावाच्या मुलाला. पहिलं बाळंतपण माहेरी, आमच्या ताईच्या हातून झालं. मूल पोटातच गेलं. पुष्पा तीन दिवस मरणाच्या दारात होती, ताईनं तिला ओढून आणली. पंचावन्न साली तिला पुन्हा दिवस गेले तेव्हा ताईनं निरोप धाडला की आठव्या महिन्यातच तिला नागपूरला आणा. पण सासू तुळजाबाई हटून बसली. "पहिलं माहेरी झालं अन् गेलं. दुसरं आमच्या घरीच होईन." ताईनं खूप आदळआपट केली आणि शेवटी म्हणाली, "बरं. मग कळा सुरू झाल्या की पहिल्या बसनं माणूस पाठवा. मी गाडी घेऊन येते. सुरुवातीलाच पोचले तर तिला वाचवीन. उशिरा बोलावलंत तर माझ्या हातात काही राहणार नाही."

जागेश्वरजी तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर उभे होते. म्हणाले, "गाडी तयार राहीन, डाक्टरीनबाई. ते माझ्याकडे लागलं."

नवरात्रात गाडीनं दोनदा दगा दिला. म्हणून नवमीला सकाळीच मी आणि ताई गाडी घेऊन त्यांच्याकडे गेलो. शेड बंद होती. आतल्या खोलीत पाटावर खंडेनवमीची पूजा मांडलेली होती. मधोमध बापाचा धोटा, बाजूला पकडी, पाने, तेजाबाची काचेची नळी आणि ते मीटर. सगळ्यांवर हळदकुंकू, झेंडूची फुलं. त्यांच्या घरचा रिवाज कडक होता. नवमीला पाटावर बसवलेलं हत्यार दसऱ्याला सोनं लुटून येईपर्यंत उचलायचं नाही. उचललं तर ते हत्यार घरावर उलटतं. माग होता तेव्हा या दोन दिवसांत त्याला कुणी बोटही लावत नसे.

ते रिकाम्या हातानं बाहेर आले आणि नेहमीसारखं विचारू लागले.

"काल कुठी गेली होती गाडी?"

"संध्याकाळी जवळच. आज सकाळी स्टार्टर कण्हत होता, पण लागली."

"अन् त्याच्याआधी? दगा दिला तवा?"

"सकाळीच. दोन्हीदा सकाळीच."

"भर दुपारी, गाडी गरम असताना बंद केली अन् मंग लागली नाही, असं कधी झालं का?"

"नाही," मी म्हणालो.

हे मी खोटं बोललो. सोमवारी दुपारी ताई शस्त्रक्रियेत गुंतलेली असताना मी दोन मित्रांना घेऊन अंबाझरीला गेलो होतो. तलावाकाठी तासभर गाडी उभी केली आणि नंतर ती स्टार्टरला हूं की चूं करेना. हँडल मारून मारून मित्रांचे हात सोलले, मग दहा माणसांनी उतारावर ढकलली तेव्हा कुठे जेमतेम लागली. ताई माझ्या शेजारीच बसली होती. तिच्या देखत मी कसं सांगणार होतो की तुझी गाडी, तुझं पेट्रोल आणि माझे मित्र? आज लिहिताना लाज वाटते, तेव्हा मात्र फक्त बोलणी खायची भीती वाटली. सव्वीस वर्षांचा घोडा होतो मी.

जागेश्वरजींनी बॉनेट उघडलं. जोड हातानं चाचपले. डायनामोचा पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला. डायनामोची तार माझ्याकडून सोडवून घेतली आणि जिथली तिथे हलकेच घासून बघितली. ठिणगी पडली नाही. म्हणजे कटआउटचं दार लागलेलं होतं. पण घरापासूनच्या एवढ्याशा वाटेनं गाडी तापलेली नव्हती. दार गरम झाल्यावर चिकटत असेल तर थंड गाडीत ते कसं कळणार? हे त्यांनाही ठाऊक होतं. म्हणाले, "खरं पायलं तर मीटर लावून अर्धा घंटा चालवाले पायजे. मंग बंद करून काटा पाहाचा."

आणि ते आत जायला वळले.

मैनाबाई दारात आडव्या झाल्या. "अवो, पूजेतलं उचलता? लेकीचे दिवस भरले, अन् आजच तुमाले देव कोपवाचा हाय?"

"लेकीसाठीच तं उचलून राहिलो वं."

"लेकीसाठीच सांगून राहिली मी. नका हात लावू."

ते उंबऱ्यात थांबले. एरवी ते बायकोला हसून गप्प करत. त्या दिवशी त्यांना हसू आलं नाही. ज्या मुलीसाठी मीटर उचलायचं, तिच्याचसाठी ते उचलायचं नाही, असा तो पेच होता. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "राहू द्या हो, परवा बघू." मला बाजारात जायचं होतं.

ते परत गाडीपाशी आले आणि पुन्हा जोड चाचपू लागले. बॅटरीची जी पट्टी गाडीच्या अंगाला ठोकलेली असते तिच्या बुडाशी त्यांना काळी पुटं सापडली. तिथेच त्यांचा चेहरा उजळला. कवेलूच्या, म्हणजे कौलाच्या, तुकड्यानं त्यांनी ते घासून चकचकीत केलं. बोल्ट आवळायचा होता, तर पाना माझ्या गाडीतला आणि हात माझा, म्हणजे पूजाही मोडली नाही. स्टार्टर ओढला तशी गाडी टुणकन लागली.

"सापडलं," ते म्हणाले. मैनाबाईंनी देवाला हात जोडले.

तो दोष खरा होता, पण तो दोष नव्हता. एक सापडला की माणूस दुसरा शोधत नाही. दुसऱ्यांना हे पन्नासदा सांगणारे जागेश्वरजी त्या दिवशी स्वतःच विसरले. त्यांना तो सापडायला हवाच होता ना.

दसऱ्याच्या सकाळी ताईला जरीपटक्याहून बोलावणं आलं. तिथून आणखी दोन घरं झाली. उन्हात गाडी चांगलीच तापली. अकराच्या सुमारास परत आलो, गाडी पोर्चमध्ये लावली, श्रीखंडपुरी खाल्ली आणि मी आडवा झालो.

तीन वाजता ईश्वरदास आला. उमरेडच्या बसमधून उतरून धावतच आला होता. पहाटे कळा सुरू झाल्या, पण तुळजाबाईंनी सुईणीवर भरवसा ठेवून दुपार केली. "डाक्टरीनबाई, लेकराचा हात बाहेर आला," तो म्हणाला.

ताई पाच मिनिटांत पेटी घेऊन गाडीत बसली. मी स्टार्टर ओढला. काही नाही. दिवा लावून पाहिला. काचेआडची तार लालसुद्धा झाली नाही. हँडल मारलं, शंभरदा मारलं. बॅटरीत थेंबभरही वीज नसेल तर ठिणगी कुठून पडणार? ताईनं फोन फिरवले. एकाचा ड्रायव्हर सणाला गावी गेलेला, दुसऱ्याची गाडी सहकुटुंब बाहेर. पुढची बस सहाला. ईश्वरदास माझी सायकल घेऊन सासऱ्याकडे सुटला.

जागेश्वरजी नवं धोतर नेसून, आपट्याची पानं घेऊन सोनं लुटायला निघाले होते. तसेच जावयाच्या मागे सायकलवर बसून आले. या वेळी काही विचारलं नाही. सरळ डायनामोवर हात ठेवला.

गाडी बंद होऊन चार तास झाले होते. डायनामो थंडगार असायला हवा होता. तो तापलेला होता आणि जळक्या लाखेचा वास येत होता. त्यांनी हात ठेवला तो उचललाच नाही. मी म्हणालो, "जागेश्वरजी, भाजेल." तेव्हा त्यांनी हात काढला, कटआउटचं झाकण उघडलं आणि चिकटलेली पितळी जीभ नखानं उचलली. टिक्‌ असा बारीक आवाज झाला.

"दार उघडंच राह्यलं," ते म्हणाले. "बॅटरी सारी वाहून गेली. डायनामोबी जळला."

ते ईश्वरदासला घेऊन परत गेले. शेडमध्ये भरलेली एकच बॅटरी होती, कुणा गिऱ्हाइकाची, कुंकू लावलेली. ती घेऊन आले आणि सोबत मीटर. पूजा त्यांनी स्वतःच्या हातानं मोडली होती. मैनाबाईंनी या वेळी अडवलं नाही. बॅटरी बसवून निघायला साडेचार झाले.

डायनामो मेलेला, त्यामुळे बॅटरीत होती तेवढीच शिदोरी. जागेश्वरजी माझ्या शेजारी बसले आणि तारा ओढून मीटर मांडीवर घेतलं. काचेवर हळद माखली होती. धोतराच्या सोग्यानं त्यांनी ती पुसली आणि काट्याकडे बघत राहिले. काटा डावीकडे होता. तास-सव्वा तासाच्या त्या वाटेवर तो एकदाही उजवीकडे आला नाही.

गावोगावची माणसं शिलंगणाला निघालेली. रस्ताभर मुलं, बैलजोड्या, ताशे. मी भोंगा दाबला की जागेश्वरजी माझा हात धरत. "नका वाजवू. भोंगा खाते." मग ते स्वतः खिडकीतून बाहेर वाकून ओरडत, "सरका गा! सरका, बाप्पा, सरका!" लोकांना वाटे सणाचा उत्साह आहे. काही जण हसून आपट्याची पानं गाडीत टाकत. दिवस बुडाला तेव्हा मी दिव्याकडे हात नेला. "दिवे नका लावू," ते म्हणाले. शेवटचे पाच मैल मी संधिप्रकाशात, बिनदिव्याची गाडी हाकली. मागच्या सीटवर ताई पेटी पोटाशी धरून बसली होती.

गाडी उमरेडला पोचली. बॅटरी पुरली. बॅटरी पुरली, एवढंच त्या दिवसाचं यश.

तुळजाबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत. "अर्धा घंटा झाला," त्या म्हणाल्या. ताई तरी आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. पुष्पाही गेली होती आणि बाळही. ईश्वरदास अंगणातच खाली बसला.

जागेश्वरजींनी ताईला एकच प्रश्न विचारला. "बाई, तीन वाजताच निघालो असतो तं?"

माझी बहीण खोटं बोलत नसे. हा आमच्यातला मोठा फरक. ती म्हणाली, "बाळाचं सांगता येत नाही. पुष्पा वाचली असती."

त्यांनी मान हलवली. मोठ्यानं रडले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतरची चार वर्षं त्यांनी शेड चालवली. काम पूर्वीसारखंच चोख. आमच्या गाडीला त्यांनी दुसरा डायनामो आणि नवं कटआउट बसवलं, ताई नको नको म्हणत असताना. नवमीला पूजा मांडत, पण मीटर खुंटीलाच राही. दसऱ्याला शेडचं दार लावून बसत. कुणाला सोनं देत नसत, कुणाचं घेत नसत. शिशात आणि तेजाबात आयुष्य काढलेलं, हात थरथरू लागले होते. तेजाबाची नळी घराच्या तोंडाशी नेताना दुसऱ्या हातानं मनगट धरावं लागे.

मी मात्र जात राहिलो. कशाला जात होतो कोण जाणे. गेलो की काही वेळानं त्यांचा एकच विषय निघे.

"वामनराव, मी सारं इचारलं होतं न तुमाले?"

"विचारलं होतं."

"मंग काहीतरी राह्यलं. गरम गाडीचं इचाराचं राह्यलं असन. मीटर नव्हतं हाती, पण तोंड तं होतं. ते इचारलं असतं तं मी पूजा मोडली असती, मैनाचं ऐकलं नसतं. मी काहून इचारलं नाही गा?"

त्यांनी विचारलं होतं. शब्द अन् शब्द मला पाठ होता. त्यांच्याच आठवणीतून तो निसटला होता, आणि तो परत आणून द्यायला जगात दोनच माणसं होती. ताईनं तेव्हा तो प्रश्न ऐकला होता, माझं उत्तरही ऐकलं होतं, पण ते खोटं होतं हे तिला ठाऊक नव्हतं. मला होतं. प्रत्येक वेळी मी घरून ठरवून जाई की आज सांगायचं. प्रत्येक वेळी चहा पिऊन परत येई.

एकोणसाठच्या दसऱ्याला त्यांनी मला निरोप धाडून बोलावलं. ते खाटेवर होते, पोट दुखून हैराण, अंगावर मांस उरलं नव्हतं. मैनाबाईंनी उशी लावून त्यांना बसतं केलं. उशाशी आपट्याची एक डहाळी होती. चार वर्षांनी त्या घरात आपटा आला होता. थरथरत्या बोटांनी त्यांनी एक पान तोडलं, त्यालाही वेळ लागला.

"तुमी दरसाल येता अन् तोंड पाडून बसता," ते म्हणाले. "गाडी तुमची होती म्हणून तुमाले लागून राह्यलं, मले समजते. पण तुमची काही चूक नाही वामनराव. इचारणं माझं काम होतं. घ्या, सोनं घ्या."

सांगायची ती शेवटची वेळ होती. मैनाबाई माझ्याकडेच बघत होत्या. नवरा मीटर घ्यायला वळला तेव्हा त्याला अडवलं म्हणून ती बाई चार वर्षं स्वतःला खात होती. माझ्या एका वाक्यानं दोघांची सुटका झाली असती.

मी हात पुढे केला आणि पान घेतलं. मग रीतीप्रमाणे त्यांच्या पाया पडलो आणि म्हणालो, "सोन्यासारखे राहा."